नवं यंत्र गुंतवणूकदारांपुढे दहा मिनिटांत कसं मांडावं? (बडोदा)

सुरसागर

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीतल्या दोन तरुण इंजिनिअरांनी स्टीम ट्रॅपवर (वाफ अडवून लाइनमधलं पाणी तेवढं बाहेर सोडणारी झडप) बाहेरून पट्ट्याने बसवायचं एक उपकरण तयार केलं आहे. ट्रॅप उघडा अडकून वाफ वाया जातेय की बंद अडकून पाणी तुंबतंय, हे ते आवाज आणि तापमानावरून ओळखतं आणि रेडिओने कळवतं. नमुना चालतो. एका कारखान्यात सहा ट्रॅपवर बसवलेला आहे. पुढच्या महिन्यात अहमदाबादला एंजल गुंतवणूकदारांच्या (नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणाऱ्यांच्या) गटापुढे दहा मिनिटं मांडणी आणि दहा मिनिटं प्रश्नोत्तरं आहेत.

सध्या त्यांच्या बावीस स्लाइड आहेत, त्यातल्या पहिल्या नऊ अल्ट्रासाउंड (कानाला ऐकू न येणारा उंच आवाज) कसं काम करतं यावर. जाणकारांना चार प्रश्न: सुरुवात कशाने करावी? पेटंटचा अर्ज आधी की नंतर? प्रत्यक्ष यंत्र न्यावं की व्हिडिओ पुरेल? आणि पैसे किती मागावेत?

नंदेसरी_बॉयलर

त्या नऊ स्लाइड शेवटी परिशिष्टात टाका. पहिली स्लाइड रुपयांची हवी.

७ बार दाबाच्या लाइनवर ट्रॅपचं ३ मिमीचं भोक उघडं राहिलं तर तासाला साधारण २० ते २५ किलो वाफ जाते. वर्षाचे ८,००० तास धरले तर १६० ते २०० टन. वाफ किलोला २ रुपये पडते असं धरलं तर एका ट्रॅपमागे ३ लाख २० हजार ते ४ लाख. हा आकडा ऐकला की समोरचा माणूस सरसावून बसतो.

पण तो जसाच्या तसा टाकू नका. त्याच भोकातून कंडेन्सेटही (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) जात असतं, म्हणून प्रत्यक्ष गळती निम्मी धरा. वाफेचा दर कारखान्यागणिक बदलतो. गॅसवरच्या बॉयलरची वाफ महाग, कोळशावरची किंवा व्हाइट कोलवरची (शेतकचऱ्याच्या विटा) स्वस्त. ज्या कारखान्यात सहा नग लावलेत त्याच्याच बॉयलर लॉगबुकातून दर काढा: महिन्याचं इंधनबिल भागिले महिन्याची वाफ. फ्लो मीटर नसेल तर फीड वॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) मीटरचं रीडिंग घ्या आणि त्यातून ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं पाणी) वजा करा.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे आधीचा आणि नंतरचा आकडा, तोही उत्पादनाच्या टनामागे. नुसती 'या महिन्यात वाफ कमी लागली' असं म्हटलंत तर पहिलाच प्रश्न येईल की उत्पादन कमी झालं होतं का. टनामागे किती किलो वाफ लागत होती, ट्रॅप बदलल्यावर किती लागली, हे कारखान्याच्या लेटरहेडवर, युटिलिटी मॅनेजरच्या सहीने आणा. बाकी वीस स्लाइडवर हा एक कागद भारी पडेल.

कलाभवन

@नंदेसरी_बॉयलर, रुपयांबद्दल पूर्ण सहमत. तंत्र पार परिशिष्टात ढकलायला मात्र माझा विरोध आहे. अशा गटात बहुधा एखादा निवृत्त प्लांट हेड किंवा उपकरणांच्या धंद्यातला माणूस असतो, आणि बाकीचे त्याच्याकडे बघून मत ठरवतात. त्याच्यासाठी एक स्लाइड हवीच. ती 'अल्ट्रासाउंड म्हणजे काय' अशी नको, 'आज जे करतात ते कुठे अपुरं पडतं' अशी हवी.

आज बहुतेक कारखाने वर्षातून एकदा अल्ट्रासॉनिक गन आणि तापमानाची गन घेऊन ट्रॅपचा सर्व्हे करतात. सर्व्हे झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात ट्रॅप गेला तर पुढचे दहा महिने वाफ जात राहते, कुणाला पत्ता नाही. कायम बसवायचे वायरलेस मॉनिटर मोठ्या कंपन्या विकतात, ते लपवू नका. 'आम्हाला स्पर्धक नाही' हे वाक्य ऐकलं की अनुभवी माणूस वही मिटतो. त्यांच्यापेक्षा आपलं काय वेगळं, हे एका ओळीत यायला हवं: किंमत, बॅटरी, की पाइप न कापता दहा मिनिटांत बसतं ते.

आणि एक प्रश्न नक्की येईल: थर्मोडायनॅमिक ट्रॅप ठराविक वेळाने उघडझाप करतो, फ्लोट ट्रॅप सतत सोडत राहतो, इन्व्हर्टेड बकेटची चाल आणखी वेगळी. मग तुमचं यंत्र 'सतत आवाज' म्हणजे बिघाड असं समजतं का? तसं असेल तर चांगला फ्लोट ट्रॅपही ते नापास करेल. प्रत्येक प्रकारासाठी निकष वेगळे ठेवलेत का, आणि सहा नगांत कोणकोणते प्रकार आहेत? सहाही ट्रॅप एकाच प्रकारचे असतील तर महिन्याभरात दोन नग दुसऱ्या प्रकारच्या ट्रॅपवर लावून घ्या.

रावपुरा

पेटंटचं सांगतो, कारण इथे घड्याळ आधीच चालू झालंय.

अर्ज आधी, मांडणी नंतर. प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन (शोधाचं तात्पुरतं वर्णन) दाखल करायचं आणि तिथून १२ महिन्यांत कंप्लीट (पूर्ण वर्णन) द्यायचं. व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, सगळं ऑनलाइन होतं. प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानांचं टिपण नव्हे. त्यात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. त्यामुळे सेन्सर पाइपवर कसा टेकतो, उष्णता अडवायला मधे काय ठेवलंय, नोंद किती वेळाने घेतली जाते, सगळं आकृत्यांसकट घाला.

आता सहा ट्रॅपचा मुद्दा. अर्जाआधी शोध उघडपणे वापरला गेला तर नावीन्य जाऊ शकतं. कायद्याच्या कलम ३२ मध्ये चाचणीसाठीच्या उघड वापराला सूट आहे, पण ती अर्जाच्या तारखेआधीच्या एका वर्षापुरती, आणि चाचणी तशीच करणं गरजेचं होतं हे दाखवता यायला हवं. पहिला नग कोणत्या तारखेला बसवला? ती तारीख पेटंट एजंटला आजच सांगा.

दुसरं, कलम ३(के): गणिती पद्धती, अल्गोरिदम, निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट नाही. 'आमचं एआय बिघाड ओळखतं' एवढाच दावा असेल तर अडचण येईल. सेन्सरची मांडणी आणि सिग्नलवरची प्रक्रिया मिळून काय तांत्रिक परिणाम साधतात, असा दावा बांधायचा.

तिसरं, परदेशात थेट अर्ज करू नका. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा पेटंट कार्यालयाची परवानगी घ्यायची, हे कलम ३९. पीसीटीसाठी (अनेक देशांसाठीचा एकत्र आंतरराष्ट्रीय अर्ज) पहिल्या तारखेपासून १२ महिने मिळतात.

विश्वामित्री

@रावपुरा, मग गुंतवणूकदारांकडून गोपनीयतेच्या करारावर सही घ्यायची का?

रावपुरा

पहिल्या भेटीत मागू नका, बहुतेक जण करत नाहीत. ते महिन्याला ढिगाने मांडण्या ऐकतात आणि प्रत्येकाशी करार करून बसले तर त्यांनाच काम करता येणार नाही. तुम्ही काय दाखवता ते तुमच्या हातात आहे. परिणाम दाखवा, निकषांचे आकडे आणि सर्किट दाखवू नका. करार नंतर, त्यांचा तज्ज्ञ खोलात तपासायला आला की. कार्यक्रमाचं इंटरनेटवर थेट प्रक्षेपण होणार आहे का, हे आयोजकांना आधी विचारा. तसं असेल तर ते सरळ प्रकाशन ठरतं.

आणि 'पेटंट मिळालंय' असं म्हणू नका. अर्ज केलाय, एवढंच. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, परीक्षणासाठी वेगळी विनंती आणि वेगळी फी. मान्यताप्राप्त स्टार्टअपला जलद परीक्षण मागता येतं.

वाडी_वायरमन

प्रत्यक्ष यंत्र न्याच. व्हिडिओ पदरी असू द्या, चाळीस सेकंदांचा, लॅपटॉपवरच साठवलेला.

सभागृहात काय बिघडतं: वायफायला लॉगिन पान येतं आणि गेटवे (उपकरणाचे रेडिओ संदेश इंटरनेटवर पाठवणारा डबा) त्यातून पुढे जात नाही. म्हणून फोनचा हॉटस्पॉट आदल्या दिवशीच गेटवेत भरून ठेवा. लॅपटॉपला टाइप-सी, प्रोजेक्टरला एचडीएमआय, मधला अडॅप्टर घरी राहतो. दोन न्या. स्लाइडची पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा, देवनागरी किंवा गुजराती फॉन्ट दुसऱ्या लॅपटॉपवर हमखास मोडतो.

बॅटरीचं सर्वात महत्त्वाचं. अशा उपकरणात बहुधा लिथियम थायोनिल क्लोराइडचा ३.६ व्होल्टचा सेल असतो. तो बरेच दिवस नुसता पडून राहिला की आतल्या लिथियमवर थर चढतो, आणि रेडिओने पहिला झटका मागितला की व्होल्टेज खाली बसतं. बोर्ड रीसेट होतो. कारखान्यात रोज चालणारा नग नीट चालतो आणि पेटीतून काढलेला नग नेमका सगळ्यांसमोर बंद पडतो, त्याचं हे कारण. आदल्या दिवसापासून नग चालू ठेवा, दर मिनिटाला संदेश पाठवायला लावा. सेलच्या बाजूला योग्य मोठा कपॅसिटर आहे ना तेही बघा.

वाफ तर सभागृहात नेता येणार नाही. एक इंची पाइपचा फूटभर तुकडा लाकडी पाटावर बसवा, त्यावर उपकरण लावा आणि दुसऱ्या टोकाला सँडपेपर घासा. घासण्यातून अल्ट्रासाउंड निघतो, सेन्सर उचलतो, पडद्यावर दिवा लाल होतो. पण तोंडाने स्पष्ट सांगा की ही नक्कल आहे, खऱ्या ट्रॅपची नोंद पुढच्या स्लाइडवर आहे.

मांडवीकर

आणि सकाळी निघताना सेव-उसळ खाऊ नका. पांढऱ्या शर्टावर तर्री सांडली तर सगळे पहिली स्लाइड म्हणून तीच बघतील :)

नंदेसरी_बॉयलर

@वाडी_वायरमन, उष्णतेचंही विचारतील. ७ बारची वाफ १७० अंशांची असते. सर्वसाधारण लिथियम सेल ८५ अंशांपर्यंतचे. पट्ट्यातून आणि दांड्यातून उष्णता वर चढते, उन्हाळ्यात शेडमध्ये हवाच पंचेचाळीसची. डब्याच्या आतलं तापमान मे महिन्यात किती जातं याची नोंद हवी.

आणि नंदेसरीच्या केमिकल वसाहतीसारख्या ठिकाणी विकायचं असेल तर धोक्याच्या झोनचा (पेट घेणारी वाफ हवेत असू शकते अशा जागेचा) प्रश्न आहे. सॉल्व्हंट हाताळणाऱ्या प्लांटमध्ये इन्ट्रिन्सिकली सेफ (ठिणगीने पेट घडवणार नाही असं) प्रमाणपत्र आणि पेसोची (स्फोटक सुरक्षेची सरकारी संस्था) मंजुरी नसलेलं उपकरण सेफ्टीवाला गेटातून आत येऊ देणार नाही. त्याचा वेळ आणि खर्च मांडणीत नसेल तर सगळं विक्रीचं वेळापत्रक खोटं ठरतं. पहिल्या वर्षी कापड, अन्नप्रक्रिया, डेअरी, टायर असे धोक्याचे झोन कमी असलेले कारखाने धरा, केमिकल दुसऱ्या वर्षी. रेडिओ ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला असेल तर लायसन्स लागत नाही, पण उपकरणाला डब्ल्यूपीसीचं (केंद्राचा रेडिओ परवाना विभाग) ईटीए, म्हणजे उपकरणाची मंजुरी, लागतं.

हिशेबनीस

पैशांकडे येतो. आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांनी आपले घालावेत.

समजा नगाचा मालखर्च ६,००० आणि विक्री १४,०००. स्लाइडवर लोक लिहितात: नफा ८,०००, म्हणजे ५७ टक्के. मग गुंतवणूकदार पेन काढतो. बसवायचा खर्च १,२००. डीलरचं १५ टक्के कमिशन २,१००. वॉरंटीसाठी ५ टक्के, ७००. उरले ४,०००, म्हणजे २९ टक्क्यांच्याही आत. हे त्याने शोधून काढण्यापेक्षा तुम्हीच मांडा, आणि पुढे सांगा की ५०० नगांच्या खरेदीला मालखर्च कितीवर येतो, कोणत्या भागामुळे. त्यासाठी खरी कोटेशनं हातात हवीत.

ग्राहकाच्या बाजूनेही हिशेब करा. ३०० ट्रॅपच्या कारखान्याला सगळं लावायचं तर ४२ लाख. ती फाइल हेड ऑफिसला जाते आणि वर्षभर फिरते. त्याऐवजी सर्वात मोठ्या ४० ट्रॅपपासून सुरुवात केली तर ५ लाख ६० हजार, ही रक्कम बऱ्याच ठिकाणी प्लांट हेडच्या सहीत बसते. विक्रीला किती महिने लागतात या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

उधारी विसरू नका. मोठे कारखाने ९० दिवस लावतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाहीतर आयकरात खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. नोंदणी करूनच ठेवा, आणि तरी खेळतं भांडवल ९० दिवसांचं धरा.

मागणी किती? पुढचे १८ महिने आणि त्यात गाठायचे टप्पे, यावरून ठरवा. उदाहरण: प्रमाणपत्रं आणि फेररचना २५ लाख, साचे १५, पाचशे नगांचा माल ३०, पगार महिना ३ लाखांप्रमाणे ५४, बसवणं आणि प्रवास १०, आकस्मिक १६. बेरीज दीड कोटी. गुंतवणुकीआधीचं मूल्य ६ कोटी धरलं तर नंतरचं साडेसात, म्हणजे २० टक्के हिस्सा जातो. त्यातच 'कर्मचाऱ्यांसाठी १० टक्के शेअर आधीच बाजूला ठेवा' अशी अट आली तर तो भार एकट्या संस्थापकांवर पडतो. टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा मसुदा) वाचताना हे बघा.

विश्वामित्री

मला मुळातच प्रश्न आहे. सहा नगांवर २० टक्के हिस्सा का द्यायचा? आधी अनुदान घ्या. केंद्र सरकारची निधी-प्रयास योजना नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत देते, हिस्सा मागत नाही. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडात नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे, कंपनी नोंदवून दोन वर्षांहून जास्त झालेली नको. अर्ज सध्या घेताहेत का ते इनक्युबेटरकडे (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) विचारायचं. या पैशांत चाळीस नग होतील आणि मग मूल्य दुप्पट सांगता येईल.

हिशेबनीस

@विश्वामित्री, नमुन्यासाठी अनुदान उत्तमच. पण ते हप्त्याने येतं, वापराचे दाखले द्यावे लागतात आणि हप्ता लांबला की माणसांचे पगार थांबतात. शिवाय अनुदान मिळालं म्हणजे ग्राहक मिळाला असं नाही. मी तिसरा रस्ता सुचवेन: त्याच कारखान्याकडून पुढच्या चाळीस नगांची पैसे देऊन ऑर्डर. ५० टक्के आगाऊ मागा. आगाऊ दिले तर गुंतवणूकदाराला दुसरं काही पटवावं लागत नाही. नाही दिले तर का नाही दिले, तेच आधी सुधारायचं.

रावपुरा

फक्त ती ऑर्डर पेटंटच्या अर्जानंतरच्या तारखेची असू द्या. पैसे घेऊन विकलं की ती चाचणी राहत नाही.

अर्ज कुणाच्या नावावर आहे तेही बघा. दोघांच्या वैयक्तिक नावावर असेल तर तो कंपनीच्या नावे लेखी हस्तांतरित करावा लागेल. यातला कुणी नोकरीत असताना किंवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे काम झालं असेल तर तिथलं ना-हरकत पत्र आधी मिळवा. पैसे द्यायच्या आदल्या आठवड्यात हा प्रश्न निघाला की सौदे अडकतात.

मांडवीकर

शेअरहोल्डिंगही तपासा. सुरुवातीला शेड किंवा दोन लाख देणाऱ्या नातेवाइकाला ३० टक्के देऊन ठेवलेले असतात. काम न करणाऱ्याकडे एवढा हिस्सा दिसला की नवा गुंतवणूकदार मागे सरतो, कारण पुढच्या दोन फेऱ्यांत काम करणाऱ्यांकडे काही उरणार नाही हे त्याला दिसतं.

जाता जाता: आपल्या गावाला हे नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हाताला तंत्र शिकवायला. १९०७ मध्ये अलेंबिक उभी राहिली, तिच्या संस्थापकांत कोटीभास्कर हे आपलं मराठी नाव आहे. पुढच्याच वर्षी महाराजांनी बँक ऑफ बडोदा काढली. तंत्रशिक्षण, कारखाना आणि भांडवल एकाच शहरात अठरा वर्षांत जमून आलं. मुलांनी अहमदाबादला जरूर जावं, पण पहिली ऑर्डर इथलीच असावी असं मला मनापासून वाटतं.

कलाभवन

@मांडवीकर, फार छान जोडलंत. भाषेचंही बोलू. स्लाइड इंग्रजीत असू द्या, पण प्रश्न गुजरातीतून येतील. 'पैसा केटला वखतमां पाछा आवशे' (पैसे किती दिवसांत परत येतील) असं कुणी विचारलं की इंग्रजीत घोळू नये, महिन्यांत उत्तर द्यावं. दोघांपैकी एकाने बोलायचं, दुसऱ्याने यंत्र आणि आकडे सांभाळायचे. प्रश्नोत्तरांत एकमेकांची वाक्यं पुरी करू नयेत. उत्तर माहीत नसेल तर 'परवापर्यंत कळवतो' म्हणायचं, लिहून घ्यायचं आणि खरंच परवा कळवायचं.

सुरसागर

मंडळी, खूप मोलाचं मिळालं. मुलांना धागा वाचायला दिला. पहिला नग बसवून सात महिने झालेत, म्हणजे @रावपुरा यांनी सांगितलेली मुदत अजून हातात आहे. एजंटची वेळ घेतली आहे. सहापैकी चार थर्मोडायनॅमिक, दोन फ्लोट. आता मूळ प्रश्न पुन्हा: पहिल्या मिनिटात नेमकं काय बोलायचं? कुणी लिहून देईल का?

नंदेसरी_बॉयलर

असं काहीसं. रिकाम्या जागी त्यांचे मोजलेले आकडे:

'वाफ वापरणाऱ्या कारखान्यात शेकडो स्टीम ट्रॅप असतात. एक उघडा अडकला तर वर्षाला सुमारे दीड ते दोन लाखांची वाफ वाया जाते, आणि पुढच्या सर्व्हेपर्यंत कुणाला कळत नाही. आमचं उपकरण पाइप न कापता बसतं आणि बिघाड त्याच दिवशी कळवतं. बडोद्याजवळच्या एका कारखान्यात सहा ट्रॅपवर ते सात महिने चालू आहे. त्यात __ बिघाड सापडले, ते दुरुस्त केल्यावर टनामागची वाफ __ किलोवरून __ किलोवर आली. हे कारखान्याचं पत्र. त्याच कारखान्याने आता चाळीस नगांची ऑर्डर दिली आहे. आम्ही दीड कोटी मागतोय, अठरा महिन्यांत प्रमाणपत्रं आणि पाचशे नग बसवण्यासाठी.'

हे सावकाश वाचून मिनिटभरात बसतं. घड्याळ लावून बघा.

हिशेबनीस

चांगलं जमलंय. दोन दुरुस्त्या. ऑर्डर हातात आली नसेल तर ते वाक्य गाळा, 'बोलणी चालू आहेत' असंही नको. आणि 'दीड ते दोन लाख' याच्या खाली स्लाइडवर बारीक अक्षरात गृहीतकं लिहा: ७ बार, ३ मिमी, ८,००० तास, २ रुपये किलो, निम्मी गळती.

वाडी_वायरमन

दोन फ्लोटपैकी एकाचा आणि एका थर्मोडायनॅमिकचा चोवीस तासांचा आलेख शेजारी शेजारी छापून कागदावरच न्या, ए३ आकारात. पडद्यावर तो तपशील दिसत नाही, आणि तो निवृत्त प्लांट हेड कागद हातात घेऊनच प्रश्न विचारेल.